आधी आवाज, मग चित्र

स्वयंपाकघर

थोरली : …आणि तू सारखं असं तोंड पाडून बसू नकोस, छोट्या. तू त्या दिवशी घरी असतास तर ते अँब्युलन्सवाले दार वाजवून परत गेले नसते, एवढंच. पण तू कामावर होतास. कामावर असणं हा काही गुन्हा नाही.

धाकटा : ताई, दूध उतू जातंय.

थोरली : गॅस बंद कर मग, बघतोस काय. गाढवपणा सगळा माझा. दुकानात दिवसभर लोकांच्या चष्म्याचे नंबर लिहिते मी. उजव्याचा डाव्याला कधी गेला नाही माझ्या हातून. आणि आपल्या बापाचा पत्ता टाकताना नेमकी माती खाल्ली.

धाकटा : तूच टाकलास कशावरून?

थोरली : मग काय भुताने टाकला? ती मदत मागायची डबी मी आणली, मी कपाटावर बसवली, मीच अप्पांना शिकवलं. पडलात, छातीत दुखलं, काही झालं तरी नुसतं 'मदत' म्हणून ओरडा, ती ऐकते. तुझ्या वाढदिवसाला डबीच्याच ऑनलाइन खात्यावरून बूट पाठवले होते, म्हणून तुझा पत्ता त्यात आधीच पडून होता. वर अप्पांचा, खाली तुझा. माझं बोट खाली पडलं असणार. कंपनीची मुलगी फोनवर म्हणाली, 'मॅडम, त्या दिवशी तुमच्या घराचा पत्ता दुसऱ्या शहरातला होता.' मी म्हटलं, अगं, तो माझ्या भावाचा. तर म्हणाली, सॉरी.

धाकटा : आणखी काय म्हणाली?

थोरली : म्हणाली, डबीने तिचं काम बरोबर केलं. बरोबरच केलं की. अप्पा ओरडले, तिने ऐकलं, तिने गाडी बोलावली. फक्त गाडी गेली सहा तासांवरच्या गावात, तुझ्या बंद दाराशी. आणि अप्पा इथे फरशीवर. डॉक्टर काय म्हणाले ऐकलंस ना तू. अर्धांगवायूचा झटका आल्या आल्या आणलं असतं तर ते इंजेक्शन देता आलं असतं. मग कदाचित हात वाचला असता.

धाकटा : कदाचित म्हणाले ते.

थोरली : डॉक्टर नेहमीच कदाचित म्हणतात. मी नाही म्हणत. बशी दे ती. ही नाही, खोलगट दे, त्यांना एका हाताने पिता आलं पाहिजे. आणि ऐक, पाच वाजता दुकानाच्या मालकांचा फोन येणार आहे. मी त्यांना 'नाही' म्हणून सांगणार.

धाकटा : कशाला नाही?

थोरली : नव्या दुकानाला. कशाला म्हणजे काय.

धाकटा : ताई, किती वर्षं वाट बघितलीस तू त्याची. ते दुकान पूर्ण तुझ्या हातात देणार होते ना?

थोरली : दुसऱ्या कोणाच्या हातात देतील. मी इथे येऊन राहते अप्पांजवळ. जिने चूक केली तिने निस्तरावी, साधा हिशेब आहे. तू मध्ये बोलू नकोस, तुझी नोकरी तिकडे, तुझं सगळं तिकडे. तू येतोस, उठवून बसवतोस, रात्री जागतोस, पुष्कळ करतोस. तू दवाखान्यात होतास म्हणून मी उभी तरी राहिले.

धाकटा : आज लगेच नको सांगूस. दोन दिवस थांब.

थोरली : दोन दिवसांत माझी चूक बदलणारे का? आणि अजून एक गोष्ट आहे. त्यांच्यासमोर बोलायची नव्हती म्हणून तुला इथे बोलावलं. अप्पांच्या डोक्यावरपण परिणाम झालाय.

धाकटा : डोक्यावर? अप्पांना सगळं समजतं.

थोरली : सकाळपासून टीव्ही, टीव्ही चाललंय. आज आपल्या मैदानावर फुटबॉलची मॅच आहे ना, ती लाव म्हणतात. मी म्हटलं, अप्पा, आपल्या मैदानावरची मॅच आपल्या गावात दाखवत नाहीत, हे तुम्हीच आम्हाला लहानपणी सांगायचात. लोकांनी घरात लोळत बघू नये, तिकीट काढून यावं म्हणून बंद ठेवतात. लांबच्या माणसाला दिसणार आणि ज्याच्या खिडकीतून मैदानाचे दिवे दिसतात त्याला नाही. तर म्हणाले, 'दिसते. मी बघतो.'

धाकटा : असं म्हणाले?

थोरली : अगदी ठामपणे. गवत कसं दिसतं तेपण सांगायला लागले. आता तूच सांग, गुडघे गेल्यापासून मैदानाच्या पायऱ्या चढलेत का ते? कुठून बघणार? मी डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, अशा झटक्यात होतं कधी कधी, न झालेली गोष्ट झाली असं माणसाला खरंच वाटतं. सोमवारी तपासायला आणा, जास्त वाटलं तर गोळी सुरू करू. थोडी झोप येईल म्हणाले त्या गोळीने. थोडी म्हणजे दिवसभर.

धाकटा : गोळी नको.

थोरली : तू डॉक्टर आहेस का? लिफ्ट दुरुस्त करतोस तू. जा, हे घेऊन जा आत. गार झालं की मग घेत नाहीत. आणि टीव्हीचा विषय काढू नकोस त्यांच्यासमोर.



आतली खोली

धाकटा : अप्पा. उठा थोडे. खीर वगैरे काही नाही, दूधच आहे.

अप्पा : ती… कुठे?

धाकटा : भांडी घासतेय. जोरात घासतेय, म्हणजे रडत असणार. अप्पा, तुम्ही तिला सांगितलंत, मॅच दिसते म्हणून?

अप्पा : निसटलं.

धाकटा : अहो, तिला वाटलं तुमचं डोकं फिरलंय. सोमवारी नेणार तुम्हाला तपासायला. गोळी देतील. घ्या, सावकाश. डाव्या हाताने धरा, मी खालून धरलंय.

अप्पा : देऊ… दे.

धाकटा : काय देऊ दे? चांगल्या माणसाला वेड्याची गोळी देऊ दे? मी आज सांगणार तिला. ऐका, मी कसं सांगणार ते. मी म्हणेन, ताई, पत्ता तू नाही चुकवलास. ती म्हणेल, मग कोणी? मी म्हणेन, मी मागच्या महिन्यात आलो होतो ना. अप्पा खिडकीत बसून नुसता गलका ऐकत होते, मला बघवलं नाही. मॅच संपल्यावर रिमोट घेतला आणि टीव्हीला सांगितलं, हे घर माझ्या गावात आहे. ती म्हणेल… ती काय म्हणेल हो?

अप्पा : गाढव.

धाकटा : ते तर म्हणेलच. मग मी म्हणेन, डबी आणि टीव्ही एकाच पत्त्यावर चालतात हे माझ्या लक्षात आलं नाही. मग ती गप्प बसेल. ताई गप्प बसली की मला काही सुचत नाही, अप्पा. ओरडली तर बरं असतं.

अप्पा : नको… सांगू.

धाकटा : का नको?

अप्पा : मी… म्हटलं होतं. राहू दे… तो पत्ता. पुढच्या… मॅचला.

धाकटा : हो, तुम्ही म्हणालात राहू दे. पण रिमोट माझ्या हातात होता. आठवतं तुम्हाला, पहिल्या मॅचला? मी माझ्या घरी बघतोय, तुम्ही इथे, फोन कानाला. तुम्ही म्हणालात, आता बघ हां, गोल होणार. आणि झाला. मग परत म्हणालात, हा वाचवणार आता. आणि वाचवला. मी चाटच पडलो. म्हटलं, मैदानाचं गवत कापता कापता माणूस ज्योतिषी झाला की काय.

अप्पा : आवाज.

धाकटा : मला कळायला पुढची मॅच उजाडली. टीव्हीवर यायला मिनिटभर उशीर होतो, आणि मैदानातला ओरडा तुमच्या खिडकीतून आधीच आत येतो. किती हसलात तुम्ही. आधी आवाज, मग चित्र. शेजाऱ्यांनी भिंत बडवली होती.

अप्पा : मजा… आली.

धाकटा : आली ना? मलापण.

अप्पा : तू… कामावर… त्या दिवशी. तुझी… काय चूक.

धाकटा : थांबा, सांडलं थोडं.

अप्पा : काय… झालं?

धाकटा : काही नाही. दूध संपवा.

अप्पा : तिला… नको. तुम्ही दोघं… मी गेल्यावर… एकमेकांना.

धाकटा : तुम्ही कुठे जात नाही आहात, अप्पा. तोंड पुसू द्या.



पुढची खोली

थोरली : बसा असे. पाय वर घ्या. छोट्या, उशी दे पाठीला. अप्पा, आता हे बघा, तुमच्या समाधानासाठी मी टीव्ही लावते. म्हणजे तुमचं तुम्हालाच पटेल. बघा. वाचा काय लिहिलंय.

अप्पा : दिसतं… मला.

थोरली : 'हा सामना आपल्या भागात उपलब्ध नाही.' दिसलं ना? कधीच नव्हता. आपला पत्ता इथला आहे, मी माझ्या हाताने परत टाकलाय, चार वेळा तपासलाय. आपल्याला मॅच दिसणार नाही. मग तुम्ही सकाळी म्हणत होता, मी बघतो, ते काय होतं?

धाकटा : ताई, सोड ना.

थोरली : डॉक्टरांनीच सांगितलंय, शांतपणे विचारत राहा. अप्पा, तुम्ही खरंच बघितलीत का मॅच? घाबरू नका. जे वाटतं ते सांगा.

अप्पा : नाही.

थोरली : नाही ना? मग?

अप्पा : स्वप्न… पडलं. माझं… डोकं… चालत नाही.

थोरली : चालेल, चालेल. चालायला लागेल हळूहळू. रडताय कशाला? छोट्या, बघ ना, अरे, यांना काय झालं. सोमवारी जाऊच आपण.

(धाकटा टीव्हीकडे बघत राहिला. पडद्यावर ते एकच वाक्य आणि भोवती नुसता काळोख. लिफ्ट मध्येच अडकली की आतली माणसं आधी सगळी बटणं दाबतात, मग दार बडवतात, मग एकमेकांकडे बघून उगाच हसतात आणि शेवटी गप्प होतात. ती गप्प झाल्यावर कोणीतरी त्याला फोन लावतं. आजवर तो नेहमी बाहेरूनच आला होता. खांद्याला पिशवी, हातात किल्ली, तोंडात ठरलेलं वाक्य, घाबरू नका, झालंच आता. आत उभं राहून कसं वाटतं हे त्याने कधी कोणाला विचारलं नव्हतं. खिडकीतून मैदानाचा गलका येत होता. गलका थोडा ओसरला, तेव्हा त्याने रिमोट उचलून टीव्ही बंद केला.)

धाकटा : ते स्वप्न नव्हतं, ताई.

थोरली : काय नव्हतं?

धाकटा : अप्पांनी मॅच बघितल्यात. या खुर्चीत बसून, तीन. मीच लावून दिल्या होत्या.

अप्पा : नको.

धाकटा : सांगू द्या अप्पा. पत्ता तू नाही चुकवलास. तू बरोबर टाकला होतास. मागच्या महिन्यात मी बदलला.

थोरली : थांब. एक एक सांग. काय बदललंस? कुठे?

धाकटा : या रिमोटवर. टीव्ही विचारतो, घर कुठे आहे. तुझ्या बुटांमुळे माझा पत्ता तिथे होताच. तो निवडला. टीव्हीला वाटलं अप्पा माझ्याकडे राहतात. मॅच दिसायला लागली.

थोरली : टीव्हीला वाटलं.

धाकटा : डबीलापण. दोन्ही एकाच खात्यावर आहेत. तसं लिहून आलं होतं पडद्यावर, हा पत्ता घरातल्या सगळ्या वस्तूंना लागू होईल. मी 'ठीक आहे' दाबलं.

थोरली : वाचून दाबलंस?

धाकटा : डोळ्यांनी वाचलं.

थोरली : आणि मला कळलं नाही कसं? मी रोज येते इथे.

धाकटा : मी अप्पांना म्हटलं, ताईला सांगू नका. ती लगेच नियम काढेल. तू येणार असलीस की ते टीव्ही बंद करून ठेवायचे.

थोरली : म्हणजे तुम्ही दोघं लपूनछपून. आणि मी त्या दवाखान्याच्या बाकावर रोज तुझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. माझ्या हाताने बापाचा हात घालवला म्हणून रडले. तू माझी पाठ थोपटत होतास. काय म्हणालास मला, आठवतं?

धाकटा : आठवतं.

थोरली : सांग काय म्हणालास.

धाकटा : 'होतं ताई, माणसाच्या हातून असं.'

थोरली : माणसाच्या हातून.

अप्पा : मी… सांगितलं… त्याला. मी.

थोरली : अप्पा, तुम्ही त्याची बाजू घेऊ नका. जन्मभर घेतलीत, आज नको.

अप्पा : गवत… बघायचं होतं.

थोरली : गवत. मॅचपण नाही, गवत.

धाकटा : ते मॅच बघतच नव्हते, ताई. कॅमेरा कोपऱ्याकडे गेला की पुढे झुकायचे. नवा माळी पाणी जास्त घालतो म्हणायचे. बॉल कुठे आहे ते मीच फोनवर सांगायचो. आयुष्य गेलं त्यांचं त्या मैदानावर, आणि भिंतीपलीकडचं गवत दिसत नाही. मला वाटलं, कोणाचं काय बिघडणार आहे.

थोरली : एक मिनिट. फोनवर सांगायचास. मॅच चालू असताना तू फोनवर असायचास?

धाकटा : पहिल्या दोन वेळा. तिसऱ्या वेळी अप्पा म्हणाले, आज मॅच संपल्यावर बोलू, मान आखडते फोन धरून.

थोरली : तिसरी म्हणजे त्या दिवशीची. आणि ती तू कुठे बघत होतास? तू कामावर होतास ना?

धाकटा : अप्पांची उशी घसरलीय.

थोरली : छोट्या, माझ्याकडे बघ. कुठे होतास?

धाकटा : घरी.

थोरली : अँब्युलन्स आली तेव्हा?

धाकटा : घरीच.

थोरली : अप्पा, तुम्हाला माहीत होतं हे?

अप्पा : नाही.

थोरली : बोल मग. आम्हा दोघांनाही ऐकायचंय.

धाकटा : बेल वाजली. एक माणूस आणि एक बाई होती. मागे स्ट्रेचर. विचारलं, इथून मदत मागितली का. मी म्हटलं नाही. त्यांनी पत्ता वाचून दाखवला, तो माझाच होता. मी म्हटलं, कोणीतरी चेष्टा केली असेल. माणूस निघायला लागला. ती बाई थांबली. म्हणाली, घरात वयस्कर कोणी आहे का?

थोरली : तू काय म्हणालास?

धाकटा : मागे पेनल्टी लागली होती. मी मान वळवून टीव्हीकडे बघत होतो. तशीच मान ठेवून म्हटलं, इथे कोणी म्हातारं माणूस नाही. ती म्हणाली, एकदा नीट आठवून बघा. मी म्हटलं, आठवायचं काय त्यात, मी एकटाच राहतो. आणि दार लावलं.

थोरली : पेनल्टी.

धाकटा : वरून गेली.

थोरली : मी विचारलं नव्हतं.

धाकटा : मॅच संपल्यावर अप्पांना फोन लावला. उचलला नाही. परत लावला. तेव्हा ती बाई आठवली. स्ट्रेचर आठवलं. आणि 'ठीक आहे' दाबलं होतं तेपण आठवलं, अगदी बटणाच्या रंगासकट. मग तुला फोन केला.

थोरली : मला केलास तेव्हा तुला माहीत होतं?

धाकटा : माहीत होतं.

थोरली : तरी तू म्हणालास, सहज, वेळ झाला की जाऊन बघ अप्पांकडे. सहज. मी बाजारात होते. तू सहज म्हणालास म्हणून मी टोमॅटो निवडत बसले. एकेक दाबून बघितला. शेजारच्या बाईंशी बोलत उभी राहिले. तू एकदा म्हणाला असतास ना, ताई, पळ…

धाकटा : पळ म्हटलं असतं तर तू विचारलं असतंस, का.

थोरली : हो. विचारलं असतं. पळता पळता विचारलं असतं.

अप्पा : पुरे… गं.

थोरली : पुरे काय, अप्पा? तुम्ही वेडे व्हायला निघाला होतात याच्यासाठी. दिवसभर झोपवणारी गोळी घ्यायला तयार झालात. आणि हा तुम्हाला दूध पाजत बसला होता.

धाकटा : ताई, तुझा फोन वाजतोय.

थोरली : वाजू दे.

धाकटा : मालकांचा आहे. पाच वाजले.

थोरली : हॅलो. हो साहेब, बोला. वडील बरे आहेत, बसवलंय आत्ता. नाही, घसा बसलाय जरा. हो, ठरवलं. घेते मी. हो, दुकान घेते. इकडची काळजी नाही, माझा भाऊ येऊन राहतोय. हो, धाकटा. कायमचाच. ठेवते.

धाकटा : राहतो मी.

थोरली : मी तुला विचारलेलं नाही.

धाकटा : लिफ्ट काय, इथेही बंद पडतातच.

थोरली : गमती करू नकोस आत्ता. मला सहन होणार नाही. सोमवारी डॉक्टरांना तू फोन करायचास. अप्पांचं डोकं ठिकाणावर आहे, तपासायची गरज नाही, हे सांगायचं. का नाही, ते विचारतील. तेपण तूच सांगायचंस, जसं मला सांगितलंस तसं. त्या बाईसकट.

धाकटा : सांगेन.

अप्पा : ऐका. आवाज.

थोरली : हो, ओरडतायत लोक. छोट्या, बंद टीव्हीकडे काय बघतोस?

धाकटा : सवयीने बघितलं.

थोरली : तिथे काही येणार नाही. ऊठ. चपला घाल.

धाकटा : कुठे जाऊ?

थोरली : मैदानावर. तिकीट काढ आणि आत जाऊन बस.

धाकटा : ताई, अर्धी मॅच संपली. आता कोण तिकीट काढतं?

थोरली : तू काढतोस. मला तासभर तुझं तोंड बघायचं नाहीये, आणि यांना कोपऱ्यातलं गवत कसं आहे ते कळायला हवं. तिथून फोन कर. मला नको. यांना कर.



फोन

— हॅलो. अप्पा? ऐकू येतंय का?

— हं.

— स्पीकर चालू आहे का? ताई तिथेच आहे?

— आहे. तिकडे… तोंड करून.

— बरं. मी तुमच्या झोपडीच्या बाजूला बसलोय. यंत्र ठेवायचात ती झोपडी. तिला आता निळा रंग दिलाय. तिकीट फाडणारा माणूस मला म्हणाला, साहेब, मॅच संपत आली की. मी म्हटलं, मॅच बघायला नाही आलो.

— गवत.

— सांगतो. मधलं चांगलं आहे, पट्टे बरोबर आलेत, तुम्ही ओढायचात तसे आडवे. गोलसमोर उघडं पडलंय, तिथे वाळू टाकलीय. आता कोपरा. थांबा, उभा राहतो. मागचा माणूस ओरडतोय, थांबा.

— बस… खाली.

— बसलो. कोपरा पिवळा आहे, अप्पा. आणि कडेला हिरवं काहीतरी, पण ते गवत नाही. शेवाळ असेल.

— म्हटलं… होतं. पाणी.

— म्हणाला होतात तुम्ही. मॅच संपली की त्या माळ्याला गाठतो. तुमचं नाव सांगतो.

— शिव्या… नको… देऊ.

— नाही देत. अप्पा, ते मघाचं. मी दारात म्हणालो ते.

— हं.

— तुम्ही ऐकलंत ना? इथे कोणी म्हातारं माणूस नाही, असं म्हणालो मी.

— ऐकलं.

— काहीतरी बोला.

— कोपरा… परत… सांग.

— कोपरा पिवळा आहे. झेंड्यापासून साधारण चार पावलांपर्यंत. त्याच्या आत बरा होत गेलाय. थांबा, आपले लोक पुढे गेलेत, फटका मारला, गेला, गोल. अप्पा, गोल झाला. आवाज आला का?

— आला.

— फोनमधून आधी की खिडकीतून?

— दोन्ही… एकदम.

— हां. इथे उशीर होत नाही.

— छोट्या.

— ताई?

— अजून किती वेळ आहे त्या मॅचला?

— थोडाच. का गं?

— अप्पांना आत न्यायचंय, मला एकटीला उचलवत नाहीत. संपली की कुठे रेंगाळू नकोस. सरळ घरी ये. पत्ता माहीत आहे ना?